दारूबंदी इतिहासात कुठे यशस्वी झाली का, आणि ते यश मोजायचे कशाने?

जुना_महालकर:

सर्वांना नमस्कार. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. आमच्या भागातल्या वाचनालयाने २ ऑक्टोबरला 'दारूबंदीचा इतिहास' या विषयावर पाऊण तास बोलण्याचे काम माझ्या गळ्यात घातले आहे. विषय सोपा वाटला म्हणून होकार दिला, आणि आता टिपणे काढायला बसलो तर माझेच मत डळमळू लागले आहे.

झाले असे की, गेल्या रविवारी वर्ध्याहून परत येताना मी बुटीबोरीला चहासाठी थांबलो. समोरच्या दारूच्या दुकानापुढे चौदा दुचाकी उभ्या होत्या आणि त्यांपैकी नऊ गाड्यांवर एमएच ३२, म्हणजे दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्याची पाटी होती. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ डिकीत बाटल्या रचत होते. त्या एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून प्रत्येक बाटलीभोवती ते वर्तमानपत्राचा कागद गुंडाळत होते, आणि सगळे झाल्यावर त्यांनी वरून कोथिंबिरीची एक मोठी जुडी पसरली. मी पाहतो आहे हे लक्षात येताच ते म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या सासरचे येऊन राहिले, काय करता?" मी गुरुजी आहे हे त्यांनी कशावरून ओळखले, देव जाणे.

ती कोथिंबीर पाहून मला जुना इतिहासकार झियाउद्दीन बरनी आठवला. अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत दारूबंदी केली तेव्हा स्वतःच्या मद्याची भांडी बदाऊन दरवाजापाशी रिकामी करवली आणि तिथे पावसाळ्यासारखा चिखल झाला, असे बरनी लिहितो. पिणाऱ्यांना त्याच दरवाजापाशी खणलेल्या खड्ड्यांत टाकले जाई. तरीही लोक गवताच्या आणि सरपणाच्या भाऱ्यांत लपवून दारू शहरात आणत राहिले. अखेर सुलतानाने एवढी सवलत दिली की ज्याला प्यायची आहे त्याने घरात गाळावी आणि घरातच प्यावी. विक्री नको आणि मैफल नको. सातशे वर्षांत गवताच्या जागी कोथिंबीर आली, इतकाच काय तो फरक.

बंदी सगळीकडे फसते, हेच मी वर्गात नेहमी सांगत आलो. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मनात आले की नऊ गाड्या आल्या हे मला दिसले, परंतु ज्या आल्याच नाहीत त्या मी कशा मोजणार? तुमचे अनुभव आणि वाचन कृपया लिहावे. मतभेदांचे स्वागत आहे.

पानठेला:

सर, वर्धा रोडवर कोथिंबीर एवढी महाग का असते, हे कोडे आज सुटले.

धंतोली_वकील:

महालकर सर, आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला करतो. वर्ध्यात बंदी आहे आणि नागपुरात नाही, असे आपण समजतो. परंतु कायद्याच्या भाषेत पाहिले तर संपूर्ण महाराष्ट्रात दारूबंदीच आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तो आजही लागू आहे. मूळ नियम मनाईचा आहे आणि पिणे हा परवान्याने मिळालेला अपवाद आहे. त्यासाठीच आपल्याकडे बारला 'परमिट रूम' म्हणतात. तिथे बसणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात परवाना असणे अपेक्षित आहे. बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण लागते. वीस वर्षांच्या वकिलीत मी स्वतःहून परवाना दाखवणारा एकच मनुष्य पाहिला आणि तो उत्पादन शुल्क विभागातून निवृत्त झालेला होता.

या कायद्याला लगेच आव्हान दिले गेले होते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, मात्र औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंवरची मनाई रद्द केली. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांना आणि पदार्थांना औषधाचा उपयोग वगळता मनाई करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. तत्त्व कागदावर आहे, कायदा पुस्तकात आहे आणि दुकान कोपऱ्यावर आहे, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे.

मोरारजीभाईंच्या काळात मुंबईत 'प्रकृतीच्या कारणासाठी' परवाना मिळे. त्यासाठी मनुष्याला दारूवाचून चालत नाही असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागे, आणि मग एकाएकी अनेक प्रतिष्ठितांची प्रकृती बिघडली. पुढे १९६० च्या दशकात हा कायदा सैल करणारे मुख्यमंत्री आपल्याच विदर्भातले, पुसदचे वसंतराव नाईक होते.

हिशेबनीस:

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी जमाखर्च सांगतो. दारूविषयीचा सरकारी दृष्टिकोन समजून घ्यायचा असेल तर नीतिशास्त्राची पोथी मिटून खतावणी उघडावी.

कौटिल्याने अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे. दारू कोणी गाळायची, किती विकायची, पानागारात आसने आणि बिछाने कसे असावेत आणि तिथे जास्त खर्च करणाऱ्यांवर हेरांनी कशी नजर ठेवायची, हे सगळे त्यात आले आहे. उत्सवाच्या वेळी चार दिवस लोकांना स्वतः गाळण्याची मोकळीक दिलेली आहे. थोडक्यात, पिऊ नका असे तो म्हणत नाही. माझ्या नजरेसमोर प्या आणि पैसे माझ्याकडे भरा, असे म्हणतो. इंग्रजांनी 'अबकारी' या नावाने हेच काम अधिक निगुतीने केले. दुकानांचे लिलाव होत आणि जो जास्त बोली लावी त्याला जास्त विकावे लागे. दारू गावोगाव पोचण्यामागे त्या लिलावाचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

रशियात झारच्या सरकारचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त महसूल व्होडकाच्या मक्तेदारीतून येत होता. १९१४ मध्ये महायुद्धाची जमवाजमव सुरू होताच त्यांनी व्होडका बंद केली, म्हणजे ऐन युद्धात स्वतःची तिजोरी स्वतःच रिकामी केली. बोल्शेविकांनी काही वर्षे बंदी चालवली, पण १९२५ मध्ये त्यांनाही सरकारी व्होडका पुन्हा विकावी लागली. क्रांतीने झार गेला, तो मक्ता मात्र गेला नाही.

फुटाळा_ते_शिकागो:

हिशेबनीस यांच्या खतावणीत अमेरिकेचे पानही जोडतो. मी इथे शिकागोत बारा वर्षे राहतो आणि बंदीच्या काळातला टोळीप्रमुख अल कपोन याच्या नावाने चालणाऱ्या पर्यटकांच्या बस रोज पाहतो.

अमेरिकेत संघराज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग दारूवरील करातून येत होता, म्हणून बंदीची मागणी कितीही जोरात झाली तरी ती पुढे सरकत नव्हती. १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने प्राप्तिकर आला आणि दारूच्या कराची गरज कमी झाली. अठराव्या घटनादुरुस्तीने १७ जानेवारी १९२० पासून बंदी लागू झाली. पुढे महामंदीत प्राप्तिकर आटला आणि दारूचा कर पुन्हा आठवला. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने बंदी उठली. बंदी आली तीही कराच्या वाटेने आणि गेली तीही त्याच वाटेने, असे म्हणता येईल.

त्या कायद्यात पिण्याला मनाई नव्हतीच. बनवणे, विकणे आणि वाहून नेणे याला मनाई होती. ज्यांची ऐपत होती त्यांनी आधीच तळघरे भरून ठेवली. चर्चला धार्मिक विधीसाठी वाईनची मोकळीक होती, डॉक्टर चिठ्ठीवर व्हिस्की लिहून देत असत, आणि द्राक्षाच्या रसाच्या वाळवलेल्या विटा मिळत, ज्यांच्या वेष्टनावर 'हे पाण्यात विरघळवून फार दिवस ठेवू नये, अन्यथा वाईन होईल' अशा अर्थाची सूचना असे. ती सूचना वाचून किती लोकांनी वीट परत केली असेल, याची कल्पना करावी.

तरीही महालकर सरांच्या 'न आलेल्या गाड्यां'विषयी सांगायचे तर, बंदीच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत दारूचा खप खरोखरच खूप कमी झाला होता आणि यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यूही घटले होते. हे सत्य चित्रपटांत दिसत नाही, कारण न प्यायलेल्या माणसावर चित्रपट निघत नाही. पुढे खप पुन्हा वाढला, टोळ्या वाढल्या आणि लोकांचा कायद्यावरचा विश्वास गेला. माझे मत विचाराल तर अनुभवाअंती बंदी चूकच ठरली.

वैनगंगाकाठ:

शिकागोत बसून गडचिरोलीचा निकाल लावू नये, ही नम्र विनंती.

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे आणि नोकरीमुळे नागपुरात राहतो. आमच्याकडे १९९३ मध्ये जी बंदी झाली ती मुंबईतल्या कोणा मंत्र्याला झोपेत सुचली नव्हती. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते, गावोगावच्या बाया आणि युवक यांनी कित्येक वर्षे ती मागणी लावून धरली होती. चंद्रपूरच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून चालत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आल्या होत्या. त्यांचे पाय मी स्वतः पाहिले आहेत. काहींच्या चपला उमरेडच्या अलीकडेच तुटल्या होत्या. त्यानंतर १ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपुरात बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. उठवताना कारण दिले गेले की अवैध दारू वाढली. अवैध दारू वाढली हे मान्य आहे, पण चोऱ्या वाढल्या म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द करत नाही.

नागपुरातल्या सुशिक्षित माणसाला बंदी म्हणजे स्वातंत्र्यावर घाला वाटतो, कारण त्याच्या घरात दारू पगारानंतर येते आणि पगार संपवून जात नाही.

धंतोली_वकील:

वैनगंगाकाठ, चोरीची उपमा पटली नाही. चोरीत फिर्यादी असतो. दारूच्या गुन्ह्यात घेणारा आणि देणारा दोघेही राजी असतात, म्हणून पोलिसांना खबऱ्यावर अवलंबून राहावे लागते आणि खबऱ्या जिथे असतो तिथे हप्ताही असतो. न्यायालयात अशा खटल्यांतले पंच इतक्या वेळा तेच असतात की आम्ही त्यांना नावाने ओळखतो.

मोहफूल:

या चर्चेत मोहाच्या झाडाचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

माझे आजोळ धानोऱ्याकडचे, गोंड कुटुंबातले. चैत्राच्या आसपास पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, आदल्या दिवशी पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली असते आणि त्यावर फुले टपटप पडत असतात. आजी ती वाळवून मडक्यात भिजत घालायची. दारू उतरली की पहिली धार पानाच्या द्रोणात घेऊन जमिनीवर सांडायची, पेनासाठी म्हणजे आमच्या देवासाठी आणि पूर्वजांसाठी. त्याआधी घरातल्या कोणालाही थेंब मिळत नसे. जन्म, लग्न आणि मरण यांपैकी काहीही त्या द्रोणाशिवाय पूर्ण होत नव्हते. त्याच मडक्यातल्या द्रवाला पोलिसांच्या पंचनाम्यात 'मोहफूल सडवा' म्हणतात आणि तो मोजून रस्त्यावर ओततात.

इंग्रजांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात एक कायदा करून ठाणे आणि कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. म्हणजे दारूपर्यंत जायची गरज नाही, फूलच संशयित! कारण उघड होते. घरची दारू बंद झाल्याशिवाय ठेकेदाराची विकली जाणार नव्हती. त्यामुळे आदिवासींच्या बाबतीत 'दारूबंदी' हा शब्द मला नेहमी अर्धवट वाटतो. आधी त्यांची दारू काढून घेतली, मग दुकानाची दारू दिली, आणि मग तिच्यापासून वाचवण्यासाठी बंदी आणली.

मात्र मी वैनगंगाकाठ यांच्या विरोधात नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. माझ्या आजोळच्या गावाने दुकानाच्या बाटलीला मनाई केली आणि पूजेच्या मोहाला वेळ आणि माप ठरवून दिले. जिल्हाधिकाऱ्याला जे जमत नाही ते त्या ग्रामसभेला जमते, कारण कोणाच्या घरी धूर कधी निघतो हे तिला ठाऊक असते.

डॉ_रात्रपाळी:

मी काही वर्षे अपघात विभागात रात्रपाळी केली आहे, म्हणून विषारी दारूविषयी लिहितो. एका रात्री तिघे एकाच रिक्षातून आले. तिघांची तक्रार एकच होती: "डॉक्टरसाहेब, पांढरं पांढरं दिसून राहिलं." मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक अॅसिड होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर हल्ला करते. त्यावरचा जुना उतारा म्हणजे साधी दारू, अर्थात इथेनॉल. कारण यकृतातले विकर आधी इथेनॉलच्या मागे लागते आणि मिथेनॉलचे विघटन लांबते. बंदीच्या चर्चेतला हा सर्वांत विचित्र विरोधाभास मला रुग्णालयातच कळला. तिघांपैकी दोघांची दृष्टी वाचली.

'बंदी असते म्हणून विषारी दारू येते' असे सरसकट म्हटले जाते, त्याला मात्र माझा आक्षेप आहे. गुजरातमध्ये बंदी आहे आणि तिथे २००९ मध्ये अहमदाबादेत आणि २०२२ मध्ये बोटाद परिसरात माणसे गेली, हे खरे आहे. परंतु २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली, ती मुंबईत, जिथे चौकाचौकात परवानाधारक दुकान आहे. ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत त्याच्यासाठी दुकानातली देशी बाटलीही बंदच असते.

पानठेला:

डॉक्टरसाहेबांचे वाचून गंभीर झालो, म्हणून माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मी खरोखरच पानठेला चालवतो, हे नाव गमतीने घेतलेले नाही.

२०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. पहिले पंधरा दिवस गिऱ्हाईक ठेल्यावर येऊन नुसतेच उभे राहायचे, जणू कोणी वारले आहे. मग नागपूरकर आपल्या खऱ्र्याकडे अधिक निष्ठेने वळला. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घेऊन, रबर ताणावे तसा तो तुकडा ताणून दोन्ही हातांनी घोटायचा. शंभर-दीडशे वेळा घोटल्याशिवाय गिऱ्हाईक तोंडात टाकत नाही. तयार पुडी बंद झाली, पण ती भरण्याचा कारखाना प्रत्येक ठेल्यावर आहे. सुगंधित तंबाखूवरही बंदी आहे, आणि ती कुठून येते हे मला विचारू नये, कारण मी उत्तर देणार नाही.

माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला होता. तरीही मी हाच धंदा करतो. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कोणी तरी मला तेच विचारणार आहे.

जुना_महालकर:

पानठेला यांचे आभार. असे लिहायला धैर्य लागते.

तंबाखूचा विषय निघाला म्हणून सांगतो. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली होती आणि तो स्वतः दारूच्या आणि अफूच्या पूर्ण आहारी गेलेला होता, हे त्याने स्वतःच्या आठवणींत न लपवता लिहिले आहे. आपले व्यसन ते व्यसन आणि दुसऱ्याचे ते पातक, ही वृत्ती जुनी आहे.

अफूचा इतिहास तर याहून बोलका आहे. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये अफूची मक्तेदारी केली, माळव्याची अफू मुंबई बंदरातून गेली आणि दोन्हींची गिऱ्हाइकी चीनमध्ये झाली. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने ग्वांगडोंगमधील हूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, तेव्हा ब्रिटनने युद्ध पुकारले. म्हणजे एका देशाने बंदी केली म्हणून दुसऱ्याने तोफा डागल्या, असाही प्रसंग इतिहासात आहे.

गांजाविषयी मात्र इंग्रजांनी एक प्रामाणिक काम केले. १८९३-९४ मध्ये त्यांनी नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि असा निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने म्हणण्यासारखे नुकसान होत नाही आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि हिताचीही नाही. आपल्या मध्य प्रांतात तेव्हा गांजाची परवान्याने होणारी शेती खंडव्याच्या बाजूला होती. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पानांचा समावेश गांजाच्या व्याख्येत झाला नाही, त्यामुळे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा गांजा आणि चरस गुन्हा ठरले आणि भांग मात्र वाचली. झाड एकच, फुलाला तुरुंग आणि पानाला महाशिवरात्र.

आपल्या शहराविषयीही एक गोष्ट सांगतो. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात झाले आणि १९२१ मध्ये इथल्या दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवकांनी निरोधन (पिकेटिंग) केले. त्यात व्यसनमुक्ती होती, तशीच सरकारचे अबकारी उत्पन्न तोडण्याची इच्छाही होती. स्वातंत्र्यानंतर तेच उत्पन्न आपल्या सरकारचे झाले आणि निरोधन करणाऱ्यांच्या पक्षाला ते नकोसे राहिले नाही.

निळी_सकाळ:

सर, नागपूर म्हटल्यावर १९२१ आठवले आणि १९५६ राहिले, असे होऊ देऊ नका.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत 'मी दारू पिणार नाही' ही एक आहे. बौद्धांच्या पंचशीलातले पाचवे शीलही मद्यापासून दूर राहण्याचेच आहे. लाखो माणसांनी एकाच दिवशी दारू सोडण्याचा शब्द दिला आणि तिथे एकही पोलीस पंचनाम्यासाठी उभा नव्हता. जगाच्या इतिहासात याला तोड शोधावी लागेल.

आणि हेच बाबासाहेब सरकारी दारूबंदीच्या विरोधात होते, हे फार कमी लोकांना माहीत असते. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करावी आणि त्यातून वाचणारा महसूल विकासाकडे वळवावा, अशी भूमिका घेतलेली आहे. बंदीमुळे घरोघर चोरट्या भट्ट्या लागतात आणि सरकारचा पैसा बुडतो, हा त्यांचा आक्षेप होता. पाच वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने बंदी काढा असेही सांगितले आणि पिऊ नका असेही सांगितले. मला यात विसंगती दिसत नाही. कायदा कोणाकडून काय घेऊ शकतो आणि शब्द कोणाकडून काय घेऊ शकतो, याचा त्यांचा हिशेब वेगवेगळा होता.

आता घरचे सांगते. माझ्या आजोबांनी त्या मैदानावर दीक्षा घेतली आणि अकरा वर्षे दारूला हात लावला नाही. मग गिरणीतल्या एका अपघातात त्यांचा धाकटा भाऊ गेला आणि आजोबा पुन्हा पिऊ लागले. परंतु पिऊन आल्यावर ते कधीही समोरच्या दाराने घरात आले नाहीत, कारण समोरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती. मागच्या दाराने येत, न्हाणीपाशी बसत आणि आजीला तिथेच ताट मागत. मरेपर्यंत हाच क्रम राहिला. महालकर सर, माझ्या आजोबांची प्रतिज्ञा यशस्वी झाली की फसली, हे तुम्ही तुमच्या व्याख्यानात कोणत्या रकान्यात लिहिणार?

फुटाळा_ते_शिकागो:

हे वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. वैनगंगाकाठ, मघाशी मी घाईने निकाल दिला, तो मागे घेतो. अमेरिकेतल्या बायकांनीही दोन्ही बाजूंनी लढा दिला होता. १८७४ मध्ये स्थापन झालेली ख्रिस्ती महिलांची मद्यविरोधी संघटना बंदीसाठी लढली, आणि १९२९ मध्ये पॉलीन सेबिन यांनी बंदी उठवण्यासाठी महिलांचीच दुसरी संघटना उभारली. दोघींचे म्हणणे एकच होते की आम्हाला आमची मुले वाचवायची आहेत.

हिशेबनीस:

सर्व मुद्दे मान्य, पण पर्यायी महसूल कुठून आणायचा, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

वैनगंगाकाठ:

हिशेबनीस, आमच्या घरातला पर्यायी महसूल कुठून आणायचा, हेही आईला कोणी सांगितले नव्हते.

काटोलची_लेक:

मी दोन दिवसांपासून हा धागा वाचते आहे. आमच्या काटोल तालुक्यातल्या गावात 'आडवी बाटली' झाली, ती माझ्या आईने आणि तिच्या बचत गटाने घडवली, म्हणून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावातल्या २५ टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी केली तर दारूचे दुकान ठेवायचे की नाही यावर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेख अशी आहे की झालेल्या मतदानाच्या निम्मी मते चालत नाहीत, एकूण मतदार महिलांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई घरी राहिली तिचे मत आपोआप दुकानाला जाते. पहिल्या खेपेला मतदानाच्या दिवशीच कोणी तरी गावातल्या बायांसाठी देवदर्शनाची फुकट गाडी लावली. चाळीस बाया पुण्य घेऊन संध्याकाळी परतल्या आणि दुकान वाचले. दुसऱ्या खेपेला आईच्या गटाने आदल्या रात्री घरोघर जाऊन 'देव उद्या कुठे जात नाही' एवढेच सांगितले, आणि दुकान गेले.

त्यानंतर गावात दारू संपली का? मुळीच नाही. शेजारच्या गावी चार किलोमीटरवर दुकान आहे आणि आमच्या गावच्या टोकाला एका घरात वीस रुपये जास्त घेऊन पव्वा मिळतो. माझे बाबा आजही पितात. म्हणून मी काल आईला फोन करून महालकर सरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, की एवढे करून काय मिळाले? ती म्हणाली, "पहिले दुकान वावरातून घरी याच्या रस्त्यावर होतं. मजुरी मिळाली का तुया बाप आंधी तिथं थांबे. आता पहिले घरी येते, हातपाय धुते, पैसे माया हाती देते, अन् मंग चार किलोमीटर जाचं का नाही ते ठरवते. हप्त्यातून तीन दिवस नाही जात."

जुना_महालकर:

काटोलच्या ताई, मी बुटीबोरीत उभा राहून ज्या गाड्या मोजू शकलो नाही, त्या तुमच्या आईने मोजून ठेवल्या आहेत. हप्त्यातून तीन. त्यांची परवानगी असेल तर व्याख्यानाची सुरुवात मी यानेच करणार आहे आणि अल्लाउद्दीनाला नंतर बोलावीन. निळी_सकाळ, तुमच्या आजोबांसाठी माझ्या वहीत रकाना नाही. मी ती गोष्ट तुमच्या प्रश्नासकट, उत्तर न देता सांगेन, आपली हरकत नसेल तर.

निळी_सकाळ:

हरकत नाही. फक्त मागचे दार विसरू नका.

काटोलची_लेक:

आई म्हणते, सांगा. पण गावाचे नाव घेऊ नका, पव्व्यावाले आमच्या भावकीतले आहेत.

पानठेला:

सर, मीही येणार आहे. एक शंका: खर्रा बाहेर ठेवून यायचा की खिशात चालेल?

जुना_महालकर:

खिशात असू द्या. घोटायला मात्र बाहेर जावे लागेल.